प्रतिक्रियेला उत्तर: अडकलेला पाइप आणि 'काका'

साहेब,

तेलविहिरीत पाइप नेमका कुठं अडकलाय ते चुंबकाच्या यंत्रानं शोधण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, 'काका, कोल्हापुरात बसून समुद्रातले पाइप शोधू नका. चुंबकाची भानगड कशाला? पाइप वर ओढायचा, किती ताणतो ते मोजायचं, साध्या गणितानं जागा निघते.' पुढं तीन हसरे चेहरे. वयानं मी काका आहेच, त्याचा राग नाही. राग त्या चेहऱ्यांचा आहे.

आधी माझी चूक. ताणामुळं लोखंडाचं चुंबकत्व बदलतं, हे व्हिलारी या इटालियन शास्त्रज्ञानं दाखवलं 1865 साली; मी 1856 टंकलं होतं. दुरुस्त केलंय.

आता तुमचं 'साधं गणित'. बावीस वर्षं रिगवर वायरलाइनच्या (विहिरीत तारेवरून यंत्रं सोडायच्या) केबिनमध्ये काढली, ते गणित मी तळहातावर बॉलपेननं केलंय. फुटाला 19.5 पौंडाचा 5 इंची पाइप, 35,000 पौंड जादा ओढ, पाइप ताणला 24 इंच. उत्तर साधारण 9,830 फूट, म्हणजे तिथवर पाइप मोकळा. झकास! पण ते 24 इंच मोजतं कोण? पाइपवर खडूची रेघ, अंगावर वारा आणि टेप धरलेला एक पोरगा. तो एका इंचानं चुकला की उत्तर 400 फुटांनी सरकतं. शिवाय पाइप विहिरीच्या भिंतीला घासतो ते वेगळंच. एवढ्या भरवशावर आम्ही एकदा, वरचा मोकळा पाइप सांध्यातून सुटावा म्हणून, उलटा पीळ देऊन खाली स्फोटकाची वात उडवली. सांधा हलला नाही, कारण गणितानं दिलेली जागा अडकलेल्या भागातच होती. रात्रभर त्या केबिनमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

चुंबकाचं यंत्र तारेवरून पाइपच्या आत जातं. एक फेरी पाइप सैल असताना, दुसरी ओढ किंवा पीळ देऊन. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवायचे. मोकळ्या भागात रेघा फाकतात, अडकल्या जागेखाली एकमेकींवर बसतात. यात भानगड कुठं आहे, भावा? उद्यमनगरात वडिलांच्या लेथजवळ मी दहाव्या वर्षी हे पाहिलंय. चुंबक घासलेल्या सळीला लोखंडाचा कीस चिकटायचा, वडील तिच्यावर हातोडा मारायचे आणि कीस भुरभुर गळायचा. धक्का किंवा ताण लोखंडाला आतून कळतो. तुमच्या पदवीत हे शिकवलं नसेल तर माझा इलाज नाही.

'तिरक्या विहिरीत वरची ओढ खाली पोचतच नाही, मग तुमचं यंत्र मोकळा पाइपही अडकलेला दाखवेल,' असंही एक वाक्य आपण लिहिलंय. तिथं पीळ देतात. त्यावर सवडीनं बोलू. मोनेल या मिश्रधातूच्या बिनचुंबकी कॉलरचा (तळाकडच्या जाड पाइपचा) मुद्दा लेखाच्या बाहेरचा आहे आणि खर्चाचं कंपन्यांना विचारा.

ते तीन चेहरे तेवढे काढा. माझी सून वाचते इथलं.