टॅबवरचे फोटो आणि तुमची कॉमेंट

नमस्कार दादा, जुन्या टॅबवरच्या माझ्या आधीच्या पोस्टखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुन्या टॅबवर दिवसभर घरचे फोटो, गाण्यांची कव्हरं आणि सोशल फीड दाखवणारं ॲप म्हणजे नुसता शो, वीज फुकट, आल्यागेल्यासमोर घरातलं सगळं उघडं, आणि फोटो बघायचेच तर कपाटात अल्बम असतोच की.

आधी अल्बमचं बोलते, कारण तेच मला लागलं. आमचं घर गोव्यात, सांग्यात, पावसाळ्यात इथे चामड्याच्या चपलेला बुरशी येते तर अल्बमचं काय घेऊन बसलात. मागच्या जुलैत आजोबांचा फोटो काढायला गेले तर तो वरच्या प्लास्टिकला चिकटलेला, हळूहळू सोडवला तरी अर्धा चेहरा प्लास्टिकबरोबर गेला. आमच्या जुन्या गावच्या, कुर्डीच्या घरासमोरचा तो एकच फोटो होता. आणि कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली, मे महिन्यात पाणी उतरलं की घराचा चौथरा तेवढा दिसतो, म्हणजे परत जाऊन फोटो काढायची सोयच नाही. त्याच रात्री बसून उरलेले सगळे फोटो मोबाईलने काढून घेतले.

आजी आता नव्वदीला आली. फोन तिला जमत नाही, अल्बम काढून दे असं ती कधी म्हणत नाही, पण टॅब देवघराशेजारच्या फळीवर असतो आणि वाती वळता वळता ती मान वर करते. परवा स्क्रीनवर कुर्डीचं सोमेश्वराचं देऊळ आलं, आम्ही मेच्या उत्सवाला काढलेलं, आणि ती एकदम म्हणाली, ह्याच्या मागच्या वाटेने आम्ही पाण्याला जायचो. आईलासुद्धा हे माहीत नव्हतं! शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांची गाणी लावते तेव्हाही तसंच, त्या तिच्याच गावच्या ना. कॅसेटवरून उतरवलेल्या एमपीथ्रीत कव्हरच नसतं, मग मी कॅसेटच्या कागदाचा फोटो काढून प्रत्येक फाईलच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याची माहिती असते तिथे, घातला, दोन संध्याकाळ गेल्या, पण गाणं लागलं की आता स्क्रीनवर मोगूबाई दिसतात.

घरातलं सगळं उघडं पडतं हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, फीड आणि गॅलरी जोडायचा आधीच्या पोस्टमधला सल्ला मी मागे घेते. चवथीला गणपतीसमोर, वर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली पाहुणे बसलेले आणि आमच्या स्क्रीनवर आईचा ब्लड रिपोर्ट आला, कारण मी अख्खी गॅलरी जोडून ठेवली होती. आता टॅबमध्येच वेगळा फोल्डर आहे, त्यात निवडलेले फोटो, बाकी सगळं बंद. तसंही इन्स्टाग्रामने साध्या पर्सनल अकाउंटचे फोटो बाहेरच्या ॲपला देणारी सोय ४ डिसेंबर २०२४ ला बंद केली, आणि ३१ मार्च २०२५ पासून गुगल फोटोजची पूर्ण लायब्ररीही अशा ॲपना वाचता येत नाही, तुम्ही निवडून द्याल तेवढीच, त्यामुळे जुन्या ॲपमधले ते ऑप्शन असेही चालत नाहीत. नुसते फोटो हवे असतील तर ॲपचीही गरज नाही, ॲन्ड्रॉइडमध्ये २०१२ च्या ४.२ पासून फोटो दाखवणारा स्क्रीन सेव्हर आहे, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बघा.

विजेचं म्हणाल तर टॅब पंख्यापेक्षा कितीतरी कमी खातो. खरी काळजी बॅटरीची, चोवीस तास फुल चार्जवर आणि गरम राहिली की ती फुगते, म्हणून आमचा प्लग टायमरवर आहे आणि रात्री टॅब बंद. मागची बाजू जराशी जरी फुगलेली दिसली तर लगेच चार्जर काढा.

आणि दादा, तुमच्या कपाटातला अल्बम ह्या पावसाआधी एकदा उघडून बघा. फोटो चिकटला असेल तर ओढू नका, आधी प्लास्टिकवरूनच त्याचा फोटो काढून घ्या.