हजार शब्दांचा धाक कशाला?

कथालेखनावरच्या एका लेखात म्हटलंय की रोज हजार शब्द लिहिल्याशिवाय कथाकार होता येत नाही. हे वाचून निम्मे नवखे आजच लॅपटॉप मिटून ठेवतील राव! आकडा सोडा, वेळ ठरवा. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून लिहायचा, अशाच सवयीतून ४७ कादंबऱ्या झाल्या त्याच्या (सगळ्याच भारी आहेत असं नाही, पण झाल्या ना).

माझा स्वतःचा अनुभव म्हणजे लिहिण्यापेक्षा खोडायला जास्त हिंमत लागते. माझ्या एका कथेत पहिलं अख्खं पान नायक उठतो, आरशात बघतो, आकाश कसंय वगैरे वगैरे. मैत्रिणीने वाचलं आणि दुसऱ्या पानावरच्या ‘किल्ली कुलपात फिरेना’ या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, गोष्ट इथून सुरू होते, वरचं सगळं तू स्वतःसाठी लिहिलंयस. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही, मग मुकाट्याने पान उडवलं 😅

आणि संवाद मोठ्याने वाचून बघाच, जिथे जीभ अडखळते तिथे पात्र नाही तर आपणच बोलत असतो, आणि बऱ्याचदा भाषण देत असतो. साभार परत आलेल्या कथा फाडू नका हं, महिनाभर बाजूला ठेवून परत काढा, कुठे घसरली ते आपलं आपल्यालाच दिसतं. माझ्याकडे अशा अकरा पडल्यात, त्यातली एक सध्या चौथ्यांदा लिहितोय.