फोटो माझा, डिस्क माझी, मग सेव्ह का होत नाही? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दादरच्या तुमच्या झेरॉक्सच्या दुकानातून तुम्ही लिहिलंत की पासपोर्ट फोटोंची शीट बनवणारं माझं पान (डिस्कवरून ब्राउझरमध्ये उघडायची एचटीएमएल फाइल) अर्धवट आहे. फोटो स्क्रीनवर नीट मांडले जातात, पण सेव्ह दाबलं की ढिम्म. पान आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये, पूर्वी फायरफॉक्समध्ये चालायचं, मग आताच ब्राउझरला काय झालं? आणि क्रोमला एक फ्लॅग (सुरू करताना द्यायची जादा सूचना) दिला की काम होतं, ते सोडून मी लोकांना लोकल सर्व्हरच्या (आपल्याच कॉम्प्युटरवरून पान पुरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भानगडीत का पाडतो?

कारण तुमच्याच डाउनलोड्स फोल्डरमध्ये आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, रेशनकार्ड पाठवतं, तुम्ही प्रिंट काढता, फाइल तिथेच राहते. मुंबईत बहुतेक झेरॉक्सवाल्यांकडे हेच. उद्या कुणी प्रिंटसाठी म्हणून एचटीएमएल फाइल पाठवली आणि तुम्ही ती उघडलीत, तर ब्राउझरच्या लेखी तिच्यात आणि माझ्या पानात काडीचा फरक नाही. फायरफॉक्स पूर्वी त्याच फोल्डरमधल्या फाइली घरच्या मानायचा. पण व्हॉट्सॲपच्या फाइलींची नावं तारीख-वेळेवर बेतलेली, अंदाजाने सापडणारी. उघडलेलं पान अशा फाइली वाचू शकतं हे लक्षात आल्यावर 2019 मध्ये 68व्या आवृत्तीत ती सवलत गेली. क्रोमने तर ती त्याच्या बऱ्याच आधी बंद केली होती.

बरं, चित्र दाखवायला ब्राउझरची ना नाही. हरकत आहे ती पानातल्या स्क्रिप्टने पिक्सेल वाचण्याला. डिस्कवरची दुसरी फाइल ब्राउझरच्या लेखी परकी. असं परकं चित्र एकदा कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेवर, काढलं की तो 'टेंटेड', म्हणजे डागी, होतो. वरून क्लिअररेक्ट (पुसायची आज्ञा) फिरवून पुसलं तरी डाग जात नाही. मग कॅनव्हासवरचं चित्र बाहेर काढणाऱ्या टूब्लॉब, टूडेटायूआरएल, गेटइमेजडेटा या तिन्ही आज्ञा सिक्युरिटी एरर देतात, म्हणून सेव्ह ढिम्म. एफ12 दाबून कन्सोल (ब्राउझरची चुकांची नोंद) बघा, लाल अक्षरात तेच असेल. चित्राला क्रॉसओरिजिन (परक्या चित्रासाठी परवानगी मागणारी खूण) लावूनही उपयोग नाही, कारण परवानगीचा हेडर (फाइलसोबतची सूचना) पाठवायला समोर सर्व्हरच नाही. उलट चित्र दिसायचंही बंद होतं.

फ्लॅग चालतो, कबूल. पण मग त्या क्रोममध्ये उघडलेल्या प्रत्येक लोकल पानाला तुमच्या फाइली मोकळ्या. दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी तरी हे करणार नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत येणारा लोकल सर्व्हर लावलात तर त्याला 127.0.0.1 ला (फक्त त्याच कॉम्प्युटरच्या पत्त्याला) बांधा, नाहीतर दुकानाच्या वायफायवरच्या कुणालाही तो फोल्डर दिसेल.

तुमच्यासाठी मात्र सर्व्हरही नको. फोटोचं नाव कोडमध्ये लिहू नका, पानावर फाइल निवडायचं बटण ठेवा. निवडलेल्या फाइलचा क्रिएटऑब्जेक्टयूआरएलने पत्ता बनवून तो चित्राला द्या. फाइल तुम्ही स्वतः हाताने दिलीत, म्हणून कॅनव्हास स्वच्छ राहतो आणि सेव्ह होतं. फक्त दुकानाचा लोगो बेस64 करून, म्हणजे चित्राची अक्षरं बनवून, पानातच घाला, तो शेजारच्या फाइलमधून आला तर पुन्हा तीच रड.

विंडोज 7 ची काळजी नको. त्यावर चालणाऱ्या शेवटच्या क्रोममध्ये, म्हणजे 109 मध्ये, हे सगळं चालतं.