बत्तीस किलोंचं कोल्हापूर

एके काळी अमेरिकेला जाताना माणशी दोन बॅगा, प्रत्येकी 32 किलो, एवढं सामान फुकट जायचं. हल्ली 23 किलोंवर भागवणाऱ्यांना तो सुवर्णकाळ वाटतो. कसला सुवर्णकाळ! चौघं न्यूजर्सीच्या काकांकडं सुट्टीला निघाली की हिशेब 256 किलोंचा, आणि तो आपल्याआधी गल्लीला पाठ. ज्याचं त्याचं कुणी ना कुणी ‘तिकडं’ असायचंच. टेक्सासच्या भाच्याचं पुडकंसुद्धा ‘जाता जाता टाका’ म्हणून आपल्याच बॅगेत. कोल्हापुरातून जाता जाता फार तर इचलकरंजीला टाकता येतं, हे बोलायची सोय नव्हती.

खरी परीक्षा चटणीची. चटणी म्हणजे कांदा-लसूण. तिला मसाला म्हणणारे बाहेरगावचे. घराघराचं प्रमाण निराळं, पण किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा आणि पाव किलो लसूण धरला, तर गोम कांद्यातच. तो उन्हात वाळवून कुरकुरीत होईस्तोवर तळायचा. मऊ राहिला तर ओल राहते, आणि ओल राहिली की काकांना चटणीऐवजी बुरशी पोचते. डंखातून, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रातून, आलेली चटणी गरम असते. तशीच पिशवीत कोंबली तर आत वाफेचं पाणी सुटतं. म्हणून रात्रभर परातीत पसरायची आणि घरादारानं शिंकायचं.

मग पिशवी सील करणं. त्याचं मशीन कुणाकडं होतं? जाड प्लॅस्टिकची पिशवी, हॅकसॉचं पातं आणि मेणबत्ती. पिशवीचं तोंड पात्यावर दुमडायचं, बारीकशी कड बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरनं सरकवत न्यायची. हात रेंगाळला की भोक, घाई केली की चिकटतच नाही. दाबून बघायचं, फुस्स झालं तर पुन्हा. अशा तीन पिशव्या एकात एक, वर डबा, डब्याला चिकटपट्टी. तरीही खोबऱ्याचं आणि तळणीचं तेल वाट काढतंच, म्हणून डब्याशेजारी पांढरा शर्ट ठेवू नये. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, आणि डब्याशेजारी पांढराच शर्ट असतो.

गुळाची ढेप त्यामानानं गरीब. फक्त ती ओल धरते. वर्तमानपत्रात गुंडाळली, तर काकांना गुळावर उलट्या अक्षरांत गावच्या निधनवार्ता वाचायला मिळतात.

वजनाचं म्हणाल, तर बॅग उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, ही पद्धत मला मान्य नाही. काटा किलोभर खोटं बोलतो, माणूस त्याहून जास्त. खात्रीचा काटा मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीत. रिकामी बॅगच पाच-सहा किलो खाते, हे तिथंच कळतं. पुढं महालक्ष्मी एक्स्प्रेस. आठ बॅगा बर्थखाली मावत नाहीत, दोन पायाशी येतात, आणि मुंबईपर्यंत सगळे गुडघे पोटाशी घेऊन झोपतात.

विमानात कस्टमचा फॉर्म मिळायचा. फळं, भाज्या, बिया, अन्न, कीटक आणताय का? मांस आणताय का? सुकं मटण, आंबा, ताजा कढीपत्ता यांना घरीच निरोप द्यायचा. कोरडी चटणी चालते, पण ‘हो’वर खूण करून. खूण केली तर साहेब डबा हुंगतो, मागं सरतो आणि जाऊ देतो. न करता सापडलात तर दंड. माझी अडचण ‘कीटक’ या शब्दाशी. काकांसाठी नेलेल्या कापशी पायताणात, म्हणजे कोल्हापुरी चपलेत, ‘विंचू’ नावाचा भाग बसवलेला असतो, करकर वाजावं म्हणून. हे तिथं इंग्रजीत समजावायला जाऊ नये.

पहिल्याच संध्याकाळी रस्सा होतो. तिथली घरं लाकडी, छताला धुराची घंटा. तापल्या तेलात थेट चटणी टाकली की खकाणा उठतो आणि घंटा बोंबलते. आधी कांदा-टोमॅटो, मग त्यांच्या ओलाव्यात चटणी. आच मंद, खिडकी उघडी, आणि घंटेखाली टॉवेल हलवायला एक माणूस. हे काम घरच्या जावयाकडं द्यावं, त्यालाही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी काका एडिसनच्या ओक ट्री रोडला नेतात. तिथं लाल तिखट, गूळ, पापड, सगळं फळीवर ओळीनं मांडलेलं. बघायचं आणि गप्प बसायचं.

येताना बॅग रिकामी आणणं आमच्याकडं पाप. चटणीचे डबे तीनदा साबणानं, एकदा सोड्यानं धुऊन त्यांत कॅलिफोर्नियाचे बदाम भरले जातात. पण प्लॅस्टिक लसणाचा वास सोडत नाही. गल्लीत वाटलेला बदाम चघळत शेजारच्या आजी विचारतात, “का रं, अमेरिकेत बदामाला बी फोडणी देत्यात व्हय?”