कोह केर – बेंग मेलिया एक दिवसाची सहल : आमचं उत्तर

नमस्कार सर,

कंबोडियातल्या कोह केर आणि बेंग मेलिया या जुन्या देवळांच्या आमच्या सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत, पण सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमचं म्हणणं असं: अर्धा दिवस गाडीत गेला, कोह केरला 'देवळं आहेत पण देव नाहीत', गाईड मुलाला सारखा अडवत होता, जेवणाचे हाल झाले, तेव्हा पैसे परत द्या.

सिएम रीप शहराहून कोह केर साधारण १२० किलोमीटर. हे बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवरही आहे. निवांत फिरायचं असेल तर आम्हीच अंगकोर वाट आणि बायोन ही देवळं सुचवतो.

देव नाहीत, हे मात्र शंभर टक्के खरं. चोरीला गेलेत! दहाव्या शतकात जयवर्मन चौथ्याने राजधानी इथे आणली, सात टप्प्यांचा पिरॅमिड उभारला. आणि १९७० च्या दशकातल्या यादवीत इथल्या मूर्ती अक्षरशः तोडून नेल्या. इथल्या प्रसात चेन देवळात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध मूर्तींत होतं, भोवती बघायला पांडव आणि बलराम. चोरांनी दोघांनाही घोट्यापासून तोडलं; पावलं चौथऱ्यावरच राहिली. पुढे दुर्योधन न्यूयॉर्कला लिलावात निघाला, तेव्हा त्या पावलांवरून तो इथलाच हे ठरलं. भीम कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात होता. २०१४ मध्ये दोघंही कंबोडियाला परत मिळाले. गाईडने हे सगळं तिथे उभं राहून सांगितलं. त्या वेळी तुम्ही गाडीत एसी लावून बसला होतात, असं तुमच्याच रिव्ह्यूत आहे.

मुलाला अडवलं, ते अडवणारच. फोटोसाठी तो वाट सोडून झाडीत शिरत होता. युद्धातले सुरुंग कंबोडियात अजून सापडतात. पर्यटकांच्या वाटा साफ केल्यात, पण वाट सोडायची नाही हा आमचा नियम आहे. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. बेंग मेलियातही तेच. तिथे ढासळलेल्या दगडांवर चढू देत नाही, चालायला लाकडी पूल आहे.

जेवणाचं म्हणाल, तर ख्मेर स्वयंपाकात भाजीतही माशाचा सॉस पडतो. म्हणून शाकाहारी मंडळींना आम्ही सिएम रीपहून डबा घ्यायला सांगतो. तुम्ही 'तिथलंच खाऊ' म्हणालात. तरी ड्रायव्हरने वाटेत बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात घेऊन दिला. त्यात नारळाचं दूध आणि चवळीसारखे दाणे असतात, माशाचा संबंध नाही. तो आवडला असं तुमच्या आईंनी गाडीत सांगितलं. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही, असो.

पैसे परत मिळणार नाहीत. गाडी, गाईड दिवसभर तुमच्यासाठीच होते, आणि कोह केरचं तिकीट अंगकोरच्या पासात येत नसल्याने तेही आम्हीच काढलं होतं. आईंना पिरॅमिडचा उभा जिना चढता येणार नाही हे आधी कळलं असतं, तर त्यांच्यापुरता बेत वेगळा आखला असता. पुढच्या वेळी गुडघ्यांचं तेवढं बुकिंग करतानाच कळवा.