निधी मंजूर झाला, मग साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) का होत नाही?

बजेटचा हंगाम संपला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी फलक लागतात. अमुक कोटींचा निधी मंजूर, खाली फोटो, त्याखाली आभार. त्यातली बरीच कामं दोन पावसाळे उलटले तरी जागेवर दिसत नाहीत आणि मग चावडीवर एकच निकाल लागतो: पैसे खाल्ले. खाल्ले जात नाहीत असं मी म्हणणार नाही. पण शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यातली कितीतरी कामं कुणी पैसे खाण्याच्या आधीच मेलेली असतात. ती का मरतात हे लोकांना कळलं तर प्रश्न योग्य माणसाला, योग्य महिन्यात विचारता येईल. म्हणून हे लांबलचक लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे, की या जिल्ह्यात पैशापेक्षा जास्त टंचाई तयार कामांची, म्हणजे जागा, परवानग्या आणि अंदाजपत्रक आधीच पूर्ण असलेल्या कामांची आहे.

फलकावर "मंजूर" लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा एवढंच झालेलं असतं, की जिल्हा वार्षिक योजनेच्या यादीत कामाचं नाव आलंय. खरा प्रवास तिथून पुढे. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं आणि एवढ्या रकमेत करायचं हा आदेश. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अभियंत्याने नकाशा आणि अंदाजपत्रक तपासून दिलेली सही. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. बीम्स, म्हणजे शासनाच्या ऑनलाईन निधी वाटप प्रणालीवर निधी आल्याशिवाय बिल निघत नाही, आणि मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) नोंद झाल्याशिवाय बिल तयारच होत नाही. यातला एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात.

आता दायित्व हा शब्द नीट समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथे आहे. गेल्या वर्षी मंजूर झालेल्या पण अपुऱ्या राहिलेल्या कामांचं देणं म्हणजे दायित्व. नव्या वर्षाच्या निधीवर पहिला हक्क त्याचा. धरा, एका लेखाशीर्षाला (बजेटमधल्या खर्चाच्या खात्याला) १० कोटी आले आणि दायित्व ६ कोटींचं आहे. उरले ४ कोटी. उरलेल्या रकमेच्या दीडपट नवी कामं धरायची पद्धत आहे, म्हणजे ६ कोटींची नवी मान्यता. हातात १० कोटी, कागदावर १२ कोटींची कामं. सगळी कामं एका वेगाने चालत नाहीत, म्हणून दीडपटीला तर्क आहे. पण कामं रेंगाळली की हे शेपूट दरवर्षी वाढतं आणि एक वर्ष असं येतं, की नव्या कामांना जवळजवळ काहीच उरत नाही. फलक मात्र त्या वर्षीही लागतात. म्हणून पालकमंत्र्यांनी आकडा जाहीर केला की पहिला प्रश्न विचारा: यात दायित्व किती?

जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला पुढच्या वर्षीचा ३१ मार्च मिळतो. राज्य शासनाच्या इतर खात्यांना तेवढी सवलत नाही, त्यांचा पैसा त्याच मार्चला परत जातो. ऐकायला दोन वर्षं खूप वाटतात. पण आपल्या पश्चिम भागाचं कॅलेंडर बघा. गगनबावड्यात पूर्वेकडच्या शिरोळच्या कित्येक पट पाऊस पडतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओढ्यात उतरताच येत नाही. दिवाळीनंतर वाट सुकते, तोवर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. ट्रॅक्टर उसाला, मजूर तोडीला, आणि गावच्या अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. म्हणजे बांधकामाला खरा मोकळा काळ मिळतो तो फेब्रुवारी ते मे. त्यात आचारसंहिता आली की संपलं. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. कार्यारंभ आदेश हातात असला तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल, तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही.

मान्यता जानेवारीत आली की सगळं मार्चवर येऊन पडतं. साकवाचा स्लॅब २० मार्चला टाकला असं समजा. काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत २८ दिवसांनी तपासायचे असतात, म्हणजे निकाल येणार १७ एप्रिलला. बिल मात्र ३१ मार्चच्या आत निघायला हवं. निकाल हातात नसताना नोंद होते. त्यात चैत्राच्या उन्हात त्या स्लॅबला रोज पाणी मारायचं, आणि वाडीवर प्यायलाच पाणी नसतं. तीन-चार वर्षांत सळई दिसायला लागते ती इथून. ठेकेदार चोर असेल नसेल, पण हे वेळापत्रक चांगल्या ठेकेदारालाही वाईट काम करायला लावतं.

अंदाजपत्रकाकडे गावाने स्वतः बघायला शिकलं पाहिजे. १० लाखांचं काम म्हणजे १० लाखांचं बांधकाम नव्हे. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, १ टक्का कामगार कल्याण उपकर आहे, विमा आणि चाचण्यांचा खर्च आहे. प्रत्यक्ष कामाला सव्वाआठ लाखांच्या आसपास उरतात. त्यावर ठेकेदाराने वीस-पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने टेंडर भरलं की किती राहतात ते तुम्हीच मोजा. त्यात वाहतुकीचा मुद्दा. खडी कुठल्या क्रशरवरून येणार, शेवटचे दोन किलोमीटर ट्रॅक्टर जातो की डोक्यावरून न्यावं लागतं, हा लीड, म्हणजे माल वाहून आणायचं अंतर, अंदाजपत्रकात नीट धरलेला नसेल तर दोनच गोष्टी होतात. निविदेला कुणी येत नाही, किंवा जो येतो तो अर्ध्यावर सोडतो. धनगरवाड्यांवरची कामं पुन्हा पुन्हा निविदेला का येतात, याचं उत्तर बरेचदा या एका ओळीत असतं.

साकवाचंच पुढे बोलू, कारण पावसाळ्यात पोरांची शाळा आणि बाळंतिणीचा दवाखाना त्याच्यावर अवलंबून असतो. साकव पडतो तो क्वचित वरून, बहुतेक वेळा बाजूने. अंदाजपत्रक समजा ३५ लाखांचं झालं आणि मंजुरी २५ लाखांची आली, तर पहिली कात्री लागते पोचमार्गाला, विंग वॉलला (बाजूची माती अडवणाऱ्या भिंतीला) आणि दगडी पिचिंगला (काठाच्या दगडी अस्तराला). मधला स्लॅब दिमाखात उभा राहतो. पहिल्या मोठ्या पुरात बाजूची माती जाते आणि साकव ओढ्याच्या मधोमध एकटा उरतो, दोन्हीकडून चढायला वाट नाही. याला भ्रष्टाचार म्हणता येणार नाही, पण पैसा शंभर टक्के वाया गेलेला असतो. २५ लाखच असतील तर साकव धरू नका, किंवा दोन टप्प्यांत धरा आणि दुसऱ्या टप्प्याची मान्यता त्याच वर्षी घ्या. अर्धा साकव कुणाच्याही कामाचा नाही.

जागेचं दुखणं याहून जुनं. शाळाखोली, अंगणवाडी, समाजमंदिर, काहीही असो, सातबारा कुणाच्या नावावर आहे हे प्रस्तावाआधी बघा. तोंडी दान दिलेली जागा पुढच्या पिढीत वादात जाते. बक्षीसपत्र करून नोंद घालून घ्या. रस्ता असेल तर त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक आहे का ते तपासा. क्रमांक नसलेल्या पायवाटेला ३०५४ किंवा ५०५४ या रस्त्यांच्या लेखाशीर्षातून पैसे टाकता येत नाहीत. कितीही निवेदनं द्या, तो प्रस्ताव परतच येणार. आधी क्रमांक मिळवायचा.

वनजमिनीचं कारण सांगून तर वाड्यांची कामं वर्षानुवर्षं पडून राहतात. इथे एक तरतूद फार कमी वापरली जाते. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी, वीजवाहिनी, रस्ता अशा १३ सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट अशी, की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. मान्यता विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर होते, केंद्राकडे फाईल जात नाही. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, दाजीपूरकडे किंवा चांदोलीच्या बाजूला, वन्यजीवांच्या परवानग्यांचा वेगळा प्रश्न येतो. पण त्याबाहेरच्या वाड्यांनी हा रस्ता धरलाच पाहिजे.

परवानग्या आधी की पैसे आधी, हा प्रश्न वाड्यांपुरता नाही. कोल्हापूर शहराच्या थेट पाईपलाईनकडे बघा. काळम्मावाडी धरण ते पुईखडीचं जलशुद्धीकरण केंद्र, सुमारे ५३ किलोमीटर. केंद्राचा पैसा मंजूर होता, काम २०१४ मध्ये सुरू झालं, आणि शहरात पाणी आलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात वन, पाटबंधारे, बांधकाम अशा खात्यांच्या परवानग्यांसाठी किती काम थांबलं हे शहराने पाहिलंय. हा उशीर फुकट नसतो. दर वाढतात आणि फरक शेवटी महापालिकेच्याच अंगावर येतो.

ग्रामपंचायतीच्या हातातल्या पैशाबद्दल थोडं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेले ४० टक्के अबंधित. राज्यात वाटप ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० असं ठरलं. वाटप मुख्यतः लोकसंख्येवर, म्हणून चार वाड्या डोंगरात विखुरलेल्या गावाच्या वाट्याला थोडंच येतं, आणि खर्च मात्र तिथेच जास्त. हे सूत्र मला अन्यायाचं वाटतं. दुसरं, निवडून आलेली बॉडी नसेल तर हा निधी मिळत नाही. महापालिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि जिल्हा परिषदेत मार्च २०२२ मध्ये प्रशासक आले. निवडणुका लांबल्या त्याची किंमत अशी पैशातही मोजावी लागली. जिल्हा वार्षिक योजनेची यादी ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे असतात. त्या जागा रिकाम्या राहिल्या, म्हणजे वाड्यांची बाजू मांडणारं माणूसच बैठकीत नव्हतं.

मग करायचं काय? नियोजन समितीने एक साधा नियम करावा. ३० सप्टेंबरपर्यंत ज्या कामाचा ठराव, जागेचा उतारा, परवानग्या आणि पूर्ण अंदाजपत्रक तयार असेल, त्याच कामाला पुढच्या वर्षीच्या यादीत जागा. बाकीची कामं रांगेत थांबतील, मग शिफारस कुणाचीही असो. याने काही आमदार नाराज होतील, होऊ देत. दुसरं, डोंगरी तालुक्यांसाठी दुरुस्तीचा पैसा वेगळा काढावा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याची पाच वर्षांची देखभाल करारातच असते, तशी साकवांना आणि शाळाखोल्यांना का नको? गळती लागलेल्या छपराला वेळेत चार पत्रे मिळाले तर नवी खोली मागायची वेळ येत नाही. पण दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही, म्हणून ती कुणी मागत नाही.

आणि गावाने काय करायचं, तर पावसाळा कागदांसाठी वापरायचा. जुलैत ओढा भरून वाहील तेव्हा पाणी कुठवर चढलं त्याची खूण खडकावर ऑईलपेंटने मारा आणि तारखेसह फोटो काढा. उपअभियंत्याला साकवाची उंची ठरवायला याहून चांगला पुरावा मिळत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात कामाचं नाव, गट नंबर आणि लांबी स्पष्ट लिहा. "वाडीकडे जाणारा रस्ता" एवढंच मोघम लिहिलं की फाईल परत येते. ग्रामपंचायतीचा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो. तुमचं काम त्यात नसेल तर वित्त आयोगाच्या पैशातून त्याचं बिल निघणार नाही, ग्रामसेवकाने कितीही हमी दिली तरी. पाया किती खोल घ्यायचा हे कळायला खड्डा खणून खडक बघावा लागतो, आणि ते ओढा आटल्यावरच होतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये शाखा अभियंत्याला जागेवर आणा, खड्डा खणून घ्या आणि खडक किती फुटांवर लागला ते त्याच्याकडून लिहून घ्या.