‘केमो थांबवली आणि मूल खेळू लागले’ : एका व्हायरल मजकुराला उत्तर

मुलांच्या कर्करोगाविषयीचा एक लांबलचक मजकूर कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लहान मुलांचा कर्करोग बरा होत नाही, केमोथेरपीने केवळ हाल वाढतात, सुई टोचून तपासणी केली की आजार पसरतो, मोठी रुग्णालये संशोधनाच्या नावाखाली मुलांवर प्रयोग करतात, आणि साखर-दूध बंद करून निसर्गातली औषधे दिली की मूल बरे होते. शेवटी एका मुलाची हकिकत आहे. त्याची केमो आईवडिलांनी थांबवली आणि पंधरा दिवसांत ते अंगणात खेळू लागले. हा मजकूर वाचणाऱ्यांत नुकतेच निदान झालेल्या मुलांचे आईवडीलही असतात, म्हणून त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मुलांचा कर्करोग बरा होत नाही, हे पहिले विधान साठ वर्षांपूर्वी जवळजवळ खरे होते. १९६२ मध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे सेंट ज्यूड हे मुलांचे संशोधन रुग्णालय सुरू झाले, तेव्हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून, शंभरात जेमतेम चार मुले वाचत. आज तेथे नव्वदहून अधिक वाचतात. भारतात हा बदल उशिरा आला, पण आला. १९७० च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तिन्ही ठिकाणी या आजारातून वाचणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी होते. पुढे ‘एमसीपी ८४१’ ही एकच उपचारपद्धती तिन्ही केंद्रांनी स्वीकारली आणि चार वर्षांनंतरही आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण केंद्रानुसार ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत पोहोचले. टाटामध्ये १९९१ पासून उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी वेगळे क्लिनिक चालते, कारण बरी झालेली ही मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात आणि त्यांच्या प्रकृतीकडे पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते. गरीब देशांत आजही अनेक मुले दगावतात हे खरे आहे. मात्र त्यामागे उशिरा झालेले निदान, न मिळालेली औषधे, जंतुसंसर्ग आणि अर्धवट सोडलेले उपचार ही कारणे आहेत. यातील शेवटच्या कारणात असे मजकूर भर घालतात.

बायोप्सीने, म्हणजे सुई टोचून तपासणीसाठी तुकडा काढल्याने, कर्करोग पसरतो, या दुसऱ्या विधानाला फार जागा देण्याची गरज नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी आधीच सर्व शरीरात फिरत असतात, त्यामुळे तपासणीसाठी बोन मॅरो (हाडातला मगज) काढल्याने त्या पसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गाठीच्या बाबतीत, ती नेमकी कशाची आहे हे कळल्याखेरीज कोणते औषध द्यायचे हेच ठरत नाही. जेथे सुई टोचणे खरोखर धोक्याचे असते, तेथे डॉक्टर ती टोचत नाहीत. डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचे निदान मुलाला भूल देऊन डोळा तपासून आणि स्कॅन करून केले जाते, ते याच कारणाने.

तिसरे विधान प्रयोगांचे आहे आणि त्यामागची भीती मला समजते. घाईत पुढे केलेला इंग्रजी कागद आणि त्यावर मागितलेली सही, हा अनुभव अनेक पालकांना आलेला असतो. परंतु आज मूल ज्या औषधांनी बरे होते ती कोठून आली, हेही पाहिले पाहिजे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा (रक्तक्षयाचा) त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांना आढळले, आणि त्या अर्कातील उपयोगी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व, असे पुढे निष्पन्न झाले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना नंतर असे दिसले की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिड दिल्यास आजार उलट वेगाने वाढतो. मग त्याला अडवणारे औषध दिले तर काय होईल, या विचारातून मूळचे आंध्रचे असलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांनी वापरले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा झाली. ती तात्पुरती होती, पण त्याच जातीचे मेथोट्रेक्झेट हे औषध आज परळला टाटाच्या वॉर्डातल्या मुलालाही दिले जाते.

त्या काळी आजच्यासारखे नियम नव्हते, आता आहेत. भारतात २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, चाचणीची सार्वजनिक नोंद करावी लागते, आईवडिलांची लेखी संमती आणि समजत्या वयाच्या मुलाचाही होकार घ्यावा लागतो. कागद मराठीत मागण्याचा, तो घरी नेऊन वाचण्याचा आणि उपचार सुरू असताना कधीही चाचणीतून बाहेर पडण्याचा पालकांना हक्क आहे, आणि तो त्यांनी निःसंकोच बजावावा. मुलांच्या कर्करोगाच्या बहुतेक अभ्यासांत रूढ उपचार आणि त्यातील एखादा बदल यांची तुलना असते. कोणाला उपचाराविना ठेवले जात नाही. अशाच अभ्यासांतून मुलांचे हाल कमीही झाले आहेत. रक्ताचा कर्करोग मेंदूत शिरू नये म्हणून पूर्वी डोक्याला किरणोपचार देत आणि त्याचा मुलांच्या वाढीवर व अभ्यासावर परिणाम होई. सेंट ज्यूडमध्ये २००० ते २००७ या काळात ४९८ मुलांना हे प्रतिबंधक किरणोपचार मुळीच न देता उपचार केले गेले आणि पाच वर्षांनंतर ९३.५ टक्के मुले जिवंत होती.

निसर्गातल्या औषधांचा मुद्दा मांडणाऱ्यांनी आपल्या कुंडीतल्या सदाफुलीकडे पाहावे. व्हिन्क्रिस्टिन हे रक्ताच्या या कर्करोगातील मुख्य औषध त्याच झाडाच्या पानांतून मिळते, पण शेकडो किलो पानांतून अगदी थोडे, आणि मात्रा किंचित चुकली तरी नसांना इजा करणारे. म्हणून ते मुलाच्या अंगमानाने मोजून द्यावे लागते. पाने चावून वा काढा करून ते साधत नाही. साखर-दूध तोडण्याचा सल्ला तर थेट अपायकारक आहे. साखर शरीरातली प्रत्येक पेशी वापरते, आणि वजन घटलेल्या मुलाला केमो आणि जंतुसंसर्ग दोन्ही अधिक जड जातात.

राहिली त्या मुलाची हकिकत. ती खरी असू शकते. रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात साधारण पहिल्या महिन्यानंतर तपासणीत आजार दिसेनासा होतो, तरी शरीरात कोट्यवधी पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणून उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. मध्येच औषधे थांबवली की मळमळ जाते, भूक लागते, केस येतात आणि मूल खरोखर खेळू लागते. उरलेल्या पेशी वाढून आजार उलटायला काही आठवडे किंवा महिने लागतात, आणि उलटलेला आजार औषधांना पूर्वीसारखा दाद देत नाही. मजकुरातली हकिकत पंधराव्या दिवशी संपते.